वहिनींसाठी दिलेला डबा

वहिनींना जाऊन तीन महिने झाले. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. नवरा वहिनी म्हणायचा म्हणून मीही वहिनीच म्हणायला लागले. माझी मुलं त्यांना मोठी आई म्हणत. आमच्या सासरी थोरल्या काकूला असंच म्हणायची रीत आहे, त्यामुळे हे नाव मुलांना बहुधा मीच शिकवलं असणार. पुढे त्याच नावाचा मला त्रास होऊ लागला.

शाळेत सहकारी विचारतात, अगदी बहिणीसारख्या होत्या ना तुमच्या? मी मान हलवते. ते खरं नाही. मला त्यांचा सात वर्षं हेवा वाटत आला, आणि अजून वाटतो. माणूस गेल्यावर हेवा आपोआप संपत असेल अशी माझी समजूत होती. तसं काही झालेलं नाही.

आम्ही दुबईत अल कुसैसला राहतो. मी ऊद मेथाच्या एका भारतीय शाळेत ग्रंथपाल आहे. भावजी रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात होते, अजून आहेत. त्यांचा मुलगा दहावीनंतर पुण्याला होस्टेलवर गेला आणि वहिनींचं घर एकदम रिकामं झालं. तेव्हा माझा मुलगा पाच वर्षांचा होता, मुलगी दोन. वहिनी म्हणाल्या, गुरुवारी दुपारी पोरांना माझ्याकडे पाठव, शुक्रवारी संध्याकाळी आम्ही आणून सोडतो. मी एका पायावर तयार झाले. इथे तेव्हा सुट्टी शुक्रवारची, आणि तो मला मिळणारा एकच दिवस होता. मुलं गेल्यावर घरात जी शांतता पसरायची ती मला फार आवडायची. चहाचा कप, एसीचा आवाज आणि पुस्तक. कोणी माझी मुलं हिसकावून नेली नव्हती, मीच पाठवली होती.

त्यांच्या घरापासून वीस मिनिटांवर, डोंगराच्या बाजूला, एका अरबाचं शेत होतं. मालक क्वचित यायचा. सगळं बघायचा तो मुकादम, आपल्या खेडकडचा. कोकणी मुसलमान, पन्नाशीचा, वीस वर्षं त्याच मातीत काढलेला. मुलं त्याला चाचा म्हणत. काळं प्लास्टिक अंथरलेले लांब वाफे, त्यातून पाण्याच्या बारीक नळ्या, आणि डिसेंबर ते मार्च स्ट्रॉबेऱ्या. ओळखीच्या माणसांना तो आत सोडायचा. आपल्या हातानं तोडायच्या, शेवटी वजनकाट्यावर ठेवायच्या. कुंपणाशी पाच-सहा बोरांची झाडं होती, तिथली बोरं कोणीही न्यावीत.

मुलं परत यायची ती नखं लाल करून आणि बुटांत वाळू घेऊन. सुरुवातीला मला त्याचं कौतुक होतं. मग एकदा मी दुकानातून स्ट्रॉबेरीचं खोकं आणलं. परदेशातून आलेलं, पंधरा दिरहम, म्हणजे दीडशे रुपये, असं मनाशी म्हणतच उचललेलं. मुलीनं एक हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली आणि परत ठेवली. म्हणाली, "दिस इज नॉट द रिअल वन." मी विचारलं, मग रिअल कुठली? तर म्हणे मोठ्या आईची. तिला तेव्हा नीट बोलताही येत नव्हतं, पण हे वाक्य तिला आलं.

पुढच्या शुक्रवारी मीही गेले. नवऱ्याला आश्चर्य वाटलं. मी चांगल्या चपला घालून गेले होते आणि पर्समध्ये पुस्तक होतं, हे वहिनींनी गाडीतून उतरतानाच पाहिलं. मुलांना म्हणाल्या, "आज तुमची आई वाचून वाचून स्ट्रॉबेऱ्या पिकवणार बघा." मुलं हसली. मीही हसले. त्यात वाईट काही नव्हतं. वहिनी सगळ्यांनाच असं बोलत.

वहिनी मुलांना घेऊन वाफ्यात उकिडव्या बसल्या. फळाला हात लावायचा नाही, देठ धरायचा. अंगठ्याचं नख आणि मधलं बोट, फळापासून दोन पेरं वर, आणि चिमटा. ओढायचं नाही. ओढलं की शेजारची कच्ची फळंही तुटतात. माझा मुलगा, जो घरी पाण्याचा ग्लास धड धरत नसे, तो असे चिमटे काढत वाफ्याच्या टोकापर्यंत गेला. मुलगी वहिनींच्या पाठीला लोंबकळून त्यांच्या खांद्यावरून बघत होती. मी उभी होते. काहीतरी सांगावं म्हणून मुलाला म्हटलं, या फळाच्या बिया बाहेरच्या अंगाला असतात, माहीत आहे का? तो मान वर न करता म्हणाला, "मोठी आई टोल्ड अस." मग मी गाडीत जाऊन बसले. पुस्तक उघडलं. एकाच पानावर तासभर होते.

हेवा म्हणजे काय ते मी पुष्कळ वाचलं होतं. वाचलेल्याचा उपयोग झाला नाही. माझा हेवा लहान होता, रोजचा होता. मुलगी झोपेत कुशीवर वळताना कोणाचं नाव घेते याकडे माझं लक्ष असायचं. मुलगा चित्र काढायचा, त्यात हिरवी साडी नेसलेली बाई असायची. मी साडी नेसत नाही. संक्रांतीच्या दिवसांतल्या फोटोंचा अल्बम मी पुनःपुन्हा काढायचे. मुलीच्या पहिल्या चारही बोरन्हाणांत ती वहिनींच्या मांडीवर आहे, काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, कुरमुरे आणि गोळ्या पडताहेत. मी प्रत्येक फोटोत ताट धरून उभी आहे. दागिने वहिनींनी ओवलेले. बोरं वहिनींनी आणलेली, त्याच शेतातली. दुसरीकडे अशी बोरं मिळायचीच नाहीत.

पाचवं बोरन्हाण शेवटचं. ते मी करणार, असं मी ठरवलं. निदान बोरं तरी मी आणणार.

त्या वर्षी संक्रांत आणि रमजान एकाच महिन्यात आले होते. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत करता येतं, म्हणून आम्ही ते जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारवर टाकलं होतं. बोरं मी घेऊन येते, असं वहिनींनी फोनवर सांगितलं होतं आणि मी बरं म्हटलं होतं. त्याच्या आधीच्या आठवड्यात मुलीला सर्दी आहे असं सांगून मी मुलांना त्यांच्याकडे पाठवलं नाही. गुरुवारी शाळेला सुट्टी होती. चौथ्या परीक्षेत मला नुकतंच ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं होतं आणि शारजाच्या पलीकडे मी एकटी कधी गेले नव्हते. नवरा ऑफिसला टॅक्सीनं गेला. मी दोन्ही मुलांना मागे बसवलं आणि निघाले.

दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून मी दीड तासाचा रस्ता सव्वादोन तासांत कापला. प्रत्येक राउंडअबाउटला मागचा माणूस हॉर्न वाजवायचा. रास अल खैमात शिरल्यावर वहिनींच्या घराकडे वळायचा रस्ता आला. मी सरळ गेले.

मुलगा म्हणाला, "आई, यू मिस्ड द टर्न."

मी म्हटलं, आज आपण आधी शेतावर जाणार. तो म्हणाला, मोठ्या आईला न घेता? मी आरशात पाहिलं नाही. म्हटलं, त्यांना बरं नाहीये. एका आठवड्यात हे दुसरं खोटं होतं, आणि हे मी मुलाशी बोलले होते.

शेतावर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. मुकादम पंपाच्या खोलीच्या सावलीत चटईवर पडला होता. आम्हाला बघून उठला, तोंडावरून हात फिरवला. पहिला प्रश्न मला अपेक्षितच होता.

"मोठी बाय नाय आली?"

मी म्हटलं, आज मीच आले, बोरं हवी आहेत, मुलीचं बोरन्हाण आहे. त्यानं मान हलवली. बोरन्हाण म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्याच्या गावच्या हिंदू घरांत त्यानं पाहिलं होतं. त्यानं झाडाखाली जुनी चादर अंथरली आणि काठीनं एक फांदी हलवली. बोरं टपटप पडली, निम्मी हिरवी, निम्मी पिवळसर. मुलं काटे चुकवत गोळा करायला लागली. मला फार बरं वाटत होतं. हे सगळं माझ्यामुळे चाललं होतं. मी एक पिवळं बोर उचललं, ओढणीला पुसलं आणि तोंडात टाकलं.

भाजीवाल्याकडे आपण वाटाण्याची शेंग सोलून खातो, तितक्याच सहज. मी या देशात आठ वर्षं राहत होते. रमजानमध्ये दिवसाउजेडी चारचौघांत खायचं-प्यायचं नाही, हे मला चांगलं माहीत होतं. सकाळी निघताना पाण्याच्या बाटल्या मी स्वतः सीटखाली लपवल्या होत्या. झाडाखाली मात्र माझ्या ध्यानातच आलं नाही. बोर आंबट होतं. मी म्हटलं, अजून थोडं पिकायला हवं. मग बी थुंकायला वाकले तेव्हा दिसलं की दोन्ही मुलं थांबली आहेत.

मुलगा हळू आवाजात म्हणाला, "आई, चाचा इज फास्टिंग."

मुकादमानं माझ्याकडे पाहिलं नव्हतं. तो पाठ फिरवून, रिकाम्याच पिशवीच्या तोंडाला सुतळी बांधत होता. बी माझ्या तोंडात तशीच राहिली. ती थुंकावी की गिळावी ते कळेना. शेवटी मी ती हातात घेतली आणि मुठीत धरून ठेवली.

मी ओशाळून मुलांना म्हटलं, तुम्ही लहान आहात, तुम्हाला खाल्लं तरी चालतं. मुलीनं ओंजळीतली बोरं चादरीवर परत ठेवली. मग तिनं मला सगळं सांगितलं, शिक्षिका मठ्ठ मुलाला सांगते तसं. रमजानमध्ये मोठी आई सकाळी आणतच नाही. ऊन उतरल्यावर आणते. आपण तोडायचं आणि आपापल्या पुढ्यात ठेवायचं. रांगेत बसायचं. वास घ्यायचा, पण खायचं नाही. अजान झाली की पहिली स्ट्रॉबेरी चाचाला द्यायची, देठासकट, म्हणजे त्याला धरायला बरं. तो खजूर खातो, मग ती खातो, मग म्हणतो यल्ला, म्हणजे चला, मग आपण.

मुकादम कसनुसा हसला. "मी सांगतो त्यांना, पोरांनी खावा, पोरांना माफ हाय. ऐकत नाय. मोठ्या बायचा हुकूम."

तीन हिवाळे मुलं दर शुक्रवारी मला सांगायची की आम्ही पिकनिक केली. मी कधी विचारलं नव्हतं, कसली पिकनिक. एक बाई माझ्या मुलांना भूक धरून ठेवायला शिकवत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण लाजेच्या खालून लगेच दुसरंच वर आलं: हेही तिनंच शिकवलं. मी काय शिकवलं यांना?

निघताना मुकादमानं एक प्लास्टिकचा डबा आणला, स्ट्रॉबेऱ्यांनी गच्च भरलेला, वर ओला कपडा. म्हणाला, मोठ्या बायला द्या, जाता जाता घर लागेलच. मी डबा घेतला. बोरांची पिशवी मागे ठेवली, डबा शेजारच्या सीटवर. परत तोच रस्ता आला, तीच डावीकडची वळणाची पाटी. या वेळी मुलगा काही बोलला नाही. मी सरळ पुढे गेले. उम्म अल कुवैन आलं. मग मी मुलांना म्हटलं की आज आपण इथे आलो हे मोठ्या आईला सांगायचं नाही, ते सरप्राइज आहे. मुलीनं विचारलं, "अँड द डबा?" मी म्हटलं, तोही.

तो डबा मी फ्रिजमध्ये मागच्या बाजूला, दह्याच्या भांड्यामागे ठेवला. खाववेना आणि टाकवेना. पाचव्या दिवशी त्यावर पांढरी लव धरली. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि जिन्यातल्या कचरा टाकायच्या नळकांड्यात सोडला. आठ मजले खाली जाताना तो कुठे कुठे आपटला ते ऐकू येत होतं.

बोरन्हाणाच्या दिवशी वहिनी आल्या त्या बोरांची मोठी पिशवी घेऊन. स्वयंपाकघरात ओट्यावर माझी बोरं परातीत काढलेली होती. त्यांनी ती पाहिली. मी गॅसकडे तोंड करून तिळगूळ वळत होते. त्या काय बोलतील याची मी तयारी करून ठेवली होती, माझं उत्तरही तयार होतं. त्यांनी काही विचारलं नाही. आपली पिशवी माझ्या परातीत ओतली आणि दोन्ही हातांनी सगळी बोरं कालवली. आता कुठली कोणाची ते कोणालाच सांगता आलं नसतं.

मग बाहेर पाट मांडल्यावर मुलगी सवयीनं त्यांच्याकडे गेली. त्यांनी तिला माझ्याकडे वळवलं.

"यंदा तू घे गं मांडीवर. माझे गुडघे धरलेत."

गुडघे धरलेली बाई अर्ध्या तासानं जमिनीवर रांगत, इतर पोरांबरोबर सोफ्याखालच्या गोळ्या वेचत होती. मला हवं होतं ते मिळालं होतं. माझ्या मांडीवर माझी मुलगी, काळ्या झबल्यात, आणि नवरा फोटो काढतोय. त्या फोटोत मी हसत नाहीये. त्या क्षणी मला जितका हेवा वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता. मागून घेतलं असतं तर भांडता आलं असतं. न मागता दिलेल्याचं काय करायचं?

त्यानंतर पाच वर्षं त्या डब्याचा विषय निघाला नाही. सांगावं असं मला दरवर्षी वाटायचं, आणि दरवर्षी वाटायचं की त्यांना ठाऊकच नसेल तर उगाच कशाला. मुलं त्यांच्याकडे जात राहिली. मीही कधीकधी जायचे, देठ धरून चिमटा काढायला शिकले. चांगला जमायचा नाही. गेल्या उन्हाळ्यात वहिनींना पोटाचं दुखणं निघालं, त्या उपचारांसाठी पुण्याला गेल्या, आणि ऑक्टोबरमध्ये फोन आला. नवरा आणि भावजी गेले. मुलांच्या परीक्षा होत्या, मी इथेच राहिले. तेराव्यानंतर भावजी कामावर परतले.

या जानेवारीत मुलगा म्हणाला, शेतावर जाऊ या. तो आता बारा वर्षांचा आहे, मुलगी नऊ. मला जायचं नव्हतं. मुलगी म्हणाली, मग आम्ही बाबांबरोबर जातो. मी म्हटलं, नाही, मीच नेते.

शेत तसंच होतं. मुकादमाची दाढी पांढरी झाली होती. तो गाडीपाशी आला, आत वाकून पाहिलं, मागच्या सीटवरही पाहिलं.

"मोठी बाय नाय आली?"

त्याला कोणी कळवलंच नव्हतं. कळवणार कोण होतं? मुलं माझ्याकडे पाहत होती. मी गाडीतून उतरले आणि सांगितलं, ऑक्टोबरमध्ये गेल्या, पुण्याला. तो पुटपुटत काही म्हणाला, ती प्रार्थना असावी. मग पालथ्या क्रेटवर बसला. त्याच क्रेटवर वहिनी बसायच्या. मग त्याला बोलावंसं वाटलं. वहिनी त्याच्या बायकोला गावी पत्रं लिहून द्यायच्या, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी दिवसभर पुस्तकांत बसणारी, आणि पत्रं त्या लिहीत होत्या. शेवटी तो म्हणाला, "तुमी डबा न्हेला होता ना रमजानात, बोरांच्या येळेला. मागून ती बोरं न्यायला आली तेव्हा मी इचारलं, डबा पोचला का. तर म्हणाली, पोचला चाचा, लय गोड निघाल्या सगळ्या."

मुलानं बुटाच्या टोकानं वाळू उकरायला सुरुवात केली. मी मुकादमाला म्हटलं, हो.

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. परातीत बोरं कालवताना ठाऊक होतं. पाच वर्षं त्या माझ्याकडे जेवल्या, माझ्या हातचं गोड आहे म्हणाल्या, आणि एकदाही त्यांनी मला पकडलं नाही. मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. गेल्यावरसुद्धा त्या माझ्या पुढेच.

मुलं वाफ्यात उतरली. रमजान नव्हता, कोणाचा उपास नव्हता. तरी दोघांनी आपापल्या टोपल्या भरल्या आणि पुढ्यात ठेवून बसून राहिली. मी विचारलं नाही, का थांबलात. या वेळी मला ठाऊक होतं. मीही थोड्या तोडल्या होत्या, त्यातली एक स्ट्रॉबेरी उचलली आणि मुकादमाला दिली. त्यानं ती घेतली, बोटांत फिरवली. देठ नव्हता. माझ्या हातून अजून ओढलंच जातं. त्यानं ती तशीच खाल्ली, आणि म्हणाला, यल्ला.

निघताना त्यानं डबा भरला, वर ओला कपडा घातला, तसाच. क्षणभर तो हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, साहेबांना द्या, एकटे असतील.

वळणाची पाटी आली तेव्हा मी खूप आधीपासून इंडिकेटर लावला होता. मागे मुलगा सरळ होऊन बसला. भावजींनी दार उघडलं, आम्हाला पाहून गोंधळले, मग चहा टाकतो म्हणाले आणि साखर कुठे आहे ते शोधायला लागले. वहिनींची चाळणी खिळ्याला होती तिथेच होती. डब्याच्या तळाशी वाळू दिसत होती. मी विचार केला, धुऊन ठेवाव्यात, भावजींना कुठे सुचणार. चाळणी काढली, नळ सोडला.

मुलीनं माझ्या हातातून डबा काढून घेतला.

"आई, डोंट. आत्ता धुतल्या की उद्या खराब होतात. खाताना धुवायच्या. मोठी आई..."

ती तिथेच थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असावं की मला ते नाव आवडणार नाही. किती वर्षांपासून तिला हे कळत होतं कोण जाणे.

मी नळ बंद केला. म्हटलं, "हो. मोठी आई असंच करायची. ठेव."

तिनं कपडा नीट केला, फ्रिजचा वरचा कप्पा रिकामा करून डबा पुढच्या बाजूला ठेवला, उघडल्याबरोबर दिसेल असा. मी ओल्या हातांनी बाजूला उभी होते, फोटोंत ताट धरून उभी असायचे तशी.